बुसैतीनची एकबारी

"बाय, पोटात काय ऱ्हायलं नाय ना?"

मित्रांनो, हा प्रश्न मला रोज संध्याकाळी विचारला जाई. विचारणारा माणूस कधीचा मातीत मिसळून गेला, पण त्याचा आवाज अजून माझ्या लाकडात मुरलेला आहे. उन्हं उतरली, समुद्रावरून खारा वारा आला की तो मला आजही ऐकू येतो.

मी एक जुनी एकबारी बंदूक आहे. एकबारी म्हणजे एका वेळी एकच गोळी पोटात घेणारी. माझ्या दस्त्याखाली एक लोखंडी दांडी आहे. ती खाली ओढली की पोट उघडतं, आत काडतूस ठेवायचं आणि दांडी वर दाबायची. तेवढ्यानं माझ्या आतली कळ ताणून बसते. मग फक्त चाप ओढायचा उरतो. एवढं मात्र ध्यानात ठेवा, कारण माझी सगळी कहाणी या दांडीवरच फिरते.

माझा जन्म विलायतेतल्या एका धुरकट कारखान्यात झाला. पोलादाची नळी, अक्रोडाचा दस्ता. पेटीत घालून मला जहाजावर चढवलं आणि मुंबईला उतरवलं. तिथे पलटणीत मी येसनाक नावाच्या शिपायाच्या हाती पडले. दापोलीकडचा उंच, सावळा माणूस. मला मराठी शिकवली ती त्यानं. संध्याकाळी तो मांडी घालून बसे, माझी दांडी ओढी, नळी मावळतीकडे धरी आणि एक डोळा मिटून आतून बघे. नळीच्या टोकाला आभाळाचा पैशाएवढा तांबूस तुकडा दिसला की म्हणे, "बाय, पोटात काय ऱ्हायलं नाय ना? नाय? मग नीज आता." मग गावाकडे त्याची घरधनीण जात्यावर म्हणे ती ओवी तो गुणगुणे आणि मला पुसून निजवी.

पुढे सरकारनं येसनाकाच्या जातीच्या लोकांना पलटणीत घेणं बंद केलं. ज्यांनी लढाया मारल्या त्यांनाच दार लावलं. कोठारात मला जमा करताना कारकून घाई करत होता, "ठेव रे, ठेव!" पण येसनाकानं त्या दिवशीही माझं पोट उघडून पाहिलं. प्रश्न मात्र विचारला नाही. दस्त्यावरून एकदा हात फिरवला आणि निघून गेला.

नंतर नव्या धाटणीच्या बंदुका आल्या आणि आम्ही जुन्या झालो. कुणीतरी आम्हाला ढिगानं विकलं. मस्कतच्या बाजारातून एका गलबतात, तिथून आखातातल्या मुहर्रकच्या बेटावर. मी आले ती मोती काढणाऱ्या एका बोटीवर, तिच्या नाखव्याच्या हाती. नाखवा भला माणूस होता, पण त्याला समुद्राची विद्या होती, माझी नव्हती. एका सांजेला मोत्यांच्या उथळ पाण्यावर अनोळखी शीड दिसलं. त्यानं घाईघाईनं माझ्या पोटात काडतूस घातलं आणि खांद्याला लावून वाट पाहत राहिला. शीड जवळ आलं, वळलं, निघून गेलं. सगळे हसले, कुणी ढोल घेतला, गाणं सुरू झालं. नाखव्यानं सावकाश माझी कळ उतरवली आणि मला फळीवर ठेवून दिलं.

पण मित्रांनो, पोट उघडून त्यानं पाहिलं नाही. विचारलं नाही.

मोत्यांचा धंदा बुडाला. बोट वाळूवर ओढली गेली. मी कोपऱ्यात उभी राहिले, आणि खाऱ्या दमट हवेनं माझी दांडी हळूहळू गच्च धरून टाकली. काडतूस आत तसंच राहिलं, हिरवट होत गेलं, नळीला चिकटून बसलं. नाखवा गेला, त्याचा मुलगा गेला, नातू म्हातारा झाला. मी त्या दोघांच्या हातांतून गेले, पण माझ्या पोटातली ती गोष्ट माझ्यापाशीच राहिली. बंदुकीला तोंड असतं, पण त्या तोंडानं तिला एकच शब्द बोलता येतो. तो बोलायची मला भीती वाटत होती.

आज मी त्याच बेटावरच्या बुसैतीनला, हलिमाबाईंच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, भिंतीवर असते. हलिमाबाई त्या नाखव्याची पणती. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त. त्यांना जुन्या लष्करी बंदुका जमवायचा नाद, तोही फक्त एकबारींचा. रीतसर परवाने, काचेची कपाटं, हवेतला दमटपणा शोषून घेणारं यंत्र, सगळं चोख. कुणी विचारलं की त्या म्हणतात, "एकच गोळी असली की माणूस आधी विचार करतो." माझ्या शेजारी कितीतरी देशांच्या पलटणींतल्या बहिणी आहेत. त्या सगळ्यांच्या आतल्या, काडतुसावर आपटून गोळी उडवणाऱ्या टोकदार सुया काढून टाकलेल्या. हलिमाबाई पाहुण्यांसमोर त्यांना उतरवतात, दांडी ओढून दाखवतात, चाप टक्‌ वाजवून दाखवतात. पाहुणे वा वा करतात.

मला मात्र त्या कधी उतरवत नसत. "ही माझ्या घरची. दांडी जाम आहे, बिचारी झोपली आहे," एवढंच म्हणत. माझं तोंडही त्यांनी समुद्राकडच्या कोऱ्या भिंतीकडे करून ठेवलं होतं. मला वाटे, म्हातारीचा मान राखतात.

त्यांच्या घरी महादेव गाडी चालवतो आणि त्याची बायको काशीबाई घर बघते. दोघं गुहागरकडची. त्यांची मुलगी मृणाली इथल्याच भारतीय शाळेत बारावीला. तिघांचे व्हिसे हलिमाबाईंच्याच सहीवर. काशीबाई पहिल्यांदा मजलिसमध्ये आली आणि गालिचा झटकताना स्वतःशीच पुटपुटली, "बाय माझे, किती गो ही धूळ!" मी भिंतीवर शहारले. बाय! किती वर्षांनी!

या घरात एक नियम आहे. बंदुकांना हात लावायचा नाही. पिसांच्या झाडणीनं धूळ उडवायची, बस. काशीबाईच्या आधीच्या माणसानं हौसेनं एक बंदूक साबणाच्या पाण्यानं पुसली होती. पोलादावरचा जुना तपकिरी रंग निघून गेला. हलिमाबाई ओरडल्या नाहीत. "खलास," एवढंच म्हणाल्या, आणि आठवडा संपायच्या आत तो माणूस विमानात होता. ही गोष्ट महादेवानं काशीबाईला आल्या आल्या सांगून ठेवली होती.

पण मित्रांनो, काही गोष्टी नियमाला विचारून येत नाहीत. यंदा खंडेनवमी आली. महादेवानं मनामा शहरातल्या बाजारातून झेंडू आणला, गाडी धुतली, चाकांना हळदकुंकू लावलं. काशीबाईनं शिवणयंत्र पुजलं, विळी पुजली, महादेवाचे पाने-पक्कड पुजले. मृणालीनं लॅपटॉपवर फूल ठेवलं आणि म्हणाली, "आई, don't put kumkum on the keys, please!" मग महादेव हलिमाबाईंना घेऊन सनद नावाच्या गावी गेला, मृणाली क्लासला गेली, आणि काशीबाई हातात खोबरेल तेलाची वाटी घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"सगळ्यांची पूजा झाली," ती म्हणाली, "आणि तू एवढी घरची म्हातारी, तुझ्याच अंगाला तेल नाय? आमच्याकडे कोयत्याला पण लावतात गो."

तिनं मला उतरवलं. गालिच्यावर जुनी चादर टाकली, मला तिच्यावर निजवलं. मऊ फडक्यानं नुसतं टेकवत टेकवत तेल लावत गेली. घासलं नाही, खरवडलं नाही. बोटांनी दस्ता चोळला, दांडीच्या सांध्यात थेंब थेंब सोडला, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

तेल लाविते गो बाय, तुझ्या काळ्या अंगावरी,
राख गो माझ्या घराला, परक्या या बेटावरी.

किती बरं वाटलं म्हणून सांगू! कुंकवाचं एक बोट दस्त्याला लागलं, लगेच पुसलं गेलं. मला पुन्हा भिंतीवर चढवलं गेलं. पण तेल मुरत राहिलं. दिवसामागून दिवस ते माझ्या गंजलेल्या सांध्यात उतरत गेलं. आणि एका सकाळी स्टुलावर चढून झाडणी फिरवता फिरवता काशीबाईचा पदर दांडीत अडकला. तिनं तो सोडवायला हिसका दिला आणि इतक्या वर्षांची गच्च धरलेली दांडी खळकन खाली आली.

माझं पोट उघडलं. आत हिरवं पितळ.

काशीबाईच्या हातातली झाडणी पडली. ती वाकून आत बघत राहिली. तिनं पितळाला नख लावून पाहिलं, ते हललं नाही. मग बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तिनं घाबरून दांडी वर दाबली, पदर सावरला आणि बाहेर गेली.

मित्रांनो, तिला ठाऊक नव्हतं की दांडी वर गेली तेव्हा माझी कळ ताणून बसली होती. येसनाकाला ते नुसत्या आवाजावरून कळलं असतं. आता फक्त चाप उरला होता. मी भिंतीवर होते, भरलेली आणि ताणलेली, आणि माझ्याखालून माणसं कॉफीचे पेले घेऊन ये-जा करत होती.

त्या दुपारी काशीबाई आणि महादेव गालिचा उचलायला मजलिसमध्ये आले.

"अवो, त्या म्हातारीच्या पोटात गोळी हाय."

"कुठल्या म्हातारीच्या?"

तिनं माझ्याकडे मान केली. महादेवाचा चेहरा उतरला. "तू हात लावलास?"

"खंडेनवमीला तेल लावलं होतं. तेलानं दांडी सुटली."

"तुला सांगितलं होतं ना! शंभरदा सांगितलं होतं!" तो दबक्या आवाजात ओरडला. "त्या साबणवाल्याचं काय झालं ठाऊक नाय?"

"ठाऊक हाय म्हणून तर तुम्हाला सांगते. मॅडमना सांगू या."

"आणि खलास म्हणाल्या तर? मृणालीचा व्हिसा, शाळा, बारावीची परीक्षा? गावात कुठल्या शाळेत घालणार तिला आता, सांग की!" त्यानं गालिच्याची घडी उगाचच पुन्हा घातली. "एवढी वर्षं टांगलेली हाय ना? कुणी उतरवत पण नाय तिला. परीक्षा होऊ दे. मग मी स्वतः सांगेन. तोवर गप ऱ्हा."

काशीबाईनं ऐकलं. पण त्या दिवसापासून ती माझ्याखालून जाताना वाकून जाई. मृणाली अभ्यासाला मजलिसमध्ये बसली की तिला उठवी. "तिकडे बस."

"But why, आई? इथे AC आहे!"

"सांगितलं ना, तिकडे बस!"

मुलीला वाटे, आईचं डोकं फिरलं आहे. आणि मी? माझं सगळं पोलाद त्या एका कळीभोवती ताठरून बसलं होतं. वरून विमानं खाली उतरायची, भिंत थरथरायची आणि मी मनात म्हणायचे, नको, हलू नको, नीज, नीज.

मग तो शुक्रवार आला. परदेशातून एक पाहुणे आले, तेही बंदुकांचे नादिष्ट, गोड बोलणारे, मोठ्यानं हसणारे. मृणालीला शाळेसाठी जुन्या वस्तूंवर काही लिहायचं होतं, म्हणून हलिमाबाईंनी तिलाही कोपऱ्यात बसवलं होतं. पाहुण्यांनी एकेक बहीण हातात घेतली, उघडली, मिटली, टक्‌ टक्‌ वाजवली. मग ते माझ्यापाशी थांबले.

"आणि ही झोपलेली राजकन्या?" ते इंग्रजीत म्हणाले.

"तिची दांडी जाम आहे," हलिमाबाई म्हणाल्या. "जोर लावू नका."

"छे, छे. नुसती खांद्याला लावून बघतो."

आणि त्यांनी मला उतरवलं. कितीतरी वर्षांनी कुणाचा तरी गाल माझ्या दस्त्याला टेकला. माझं तोंड फिरलं. आधी खिडकीकडे, मग हलिमाबाईंकडे. हलिमाबाई हसता हसता चटकन बाजूला सरकल्या. मला वाटलं, खिडकीतलं ऊन डोळ्यांवर आलं असेल.

"बस, बस. आता कॉफी घेऊ या," त्या म्हणाल्या.

"एक मिनिट. चाप तरी हलतो का बघू."

त्या सरकल्या तशी माझ्यापुढे दाराची वाट मोकळी झाली. आणि दारात काशीबाई उभी होती. हातात तबक, तबकात पेले आणि हलव्याची बशी. माझ्या नळीचं काळं तोंड बरोबर तिच्या छातीवर.

मित्रांनो, मी तिचे डोळे पाहिले. ती पळाली असती तर सुटली असती. पण माझं तोंड तिच्यावरून वळलं असतं तर एका बाजूला हलिमाबाई होत्या, दुसऱ्या बाजूला तिची लेक होती. पाहुण्यांचं बोट चापावर आलं. चाप थोडासा मागे सरला. आता फक्त केसभर सरायचा राहिला होता.  मला काशीबाईच्या कपाळावर सगळं दिसत होतं. व्हिसा, शाळा, परीक्षा, महादेवाचं गप ऱ्हा.

तबक खाली आदळलं.

"भरलेली हाय! ओढू नका! भरलेली हाय ती!"

पाहुणे हसले. त्यांना काय कळणार! मोलकरीण बंदुकीला घाबरली, एवढंच त्यांना कळलं. बोट चापावरच होतं. काशीबाईला घाबरल्यावर ना हिंदी सुचली ना अरबी, सुचली ती गुहागरची मराठी, आणि त्या खोलीत ती कळणारं एकच माणूस होतं. माझ्याशिवाय.

मृणाली उठून उभी राहिली. "It's loaded! She says it's loaded! Take your finger off!"

हसणं थांबलं. बोट सुटलं. पाहुण्यांनी मला गालिच्यावर ठेवलं, तोंड कोऱ्या भिंतीकडे करून. मजलिसमध्ये फक्त कॉफी गालिच्यात झिरपत जात होती.

मग सरकारी माणसं आली, त्यांच्यातले जाणते लोक आले. त्यांनी मला वाळूच्या पोत्यांमध्ये निजवलं, फार हळू उघडलं, पोटातलं ते हिरवं पितळ काढलं आणि सुईसुद्धा काढून टाकली. एकानं नळी उजेडाकडे धरून आतून पाहिलं. टोकाला आभाळाचा एक छोटा तुकडा दिसला असणार. त्या वेळी मला येसनाक फार आठवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला पुन्हा भिंतीवर लावण्यात आलं. हलिमाबाई समोरच्या खुर्चीत बसून राहिल्या. काही वेळानं काशीबाई आणि महादेव आत आले. काशीबाईनं घरच्या किल्ल्या मेजावर ठेवल्या.

"मॅडम," ती म्हणाली, "हमने तेल लगाया. हमारा त्योहार था. उससे दांडी खुल गया. हमको मालूम पडा अंदर गोली है, फिर भी हम बोला नहीं."

"उसने बोलने को बोला था, मॅडम," महादेव मान खाली घालून म्हणाला. "मैंने चुप बिठाया. गलती मेरी है. मेरा व्हिसा कॅन्सल करो, लेकिन लडकी का परीक्षा तक..." 

हलिमाबाई किल्ल्यांकडे बघत होत्या. 

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल. तिला तेल लावा, तिची धूळ झाडा, तिचं कौतुकही करा. पण नुसतं भिंतीवर टांगून तिची निगा होत नाही. संध्याकाळी कुणीतरी तिच्यापाशी बसून तिला विचारावं लागतं, आत काय राहिलं आहे. मला एक गरीब शिपाई रोज विचारायचा. नंतर कितीतरी वर्षं मला कुणी विचारलं नाही. आणि जिनं माझ्या सांध्यात तेल सोडलं, ती आज माझ्यासमोर अपराध्यासारखी उभी होती. मला आवाज असता तर मी ओरडले असते की हिला शिक्षा करू नका, हिनंच वाचवलं सगळ्यांना. पण आता माझ्या पोटात तो एक शब्दसुद्धा उरला नव्हता.

बाहेर सांजेची, मगरिबची अजान झाली. हलिमाबाई उठल्या. त्यांनी किल्ल्या उचलल्या, काशीबाईचा हात धरला आणि त्यात ठेवल्या. तो हात त्यांनी सोडला नाही. मुख्याध्यापिकेचा तो ताठ आवाज आज पार बसला होता.

"काशी, तू इतना साल इसके नीचे झाडू लगाया," त्या म्हणाल्या. "मैं बोलती तो ये सरकारी लोग इसको ले जाते, तोड देते. मेरे बाबा का आखरी चीज था. इसलिए नहीं बोली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग पुन्हा तिच्याकडे.

"बाबा ने मरते वक्त बताया था, इसके पेट में एक है. मुझे मालूम था, काशी. पहले दिन से मालूम था."